शिकवणारा आणि तपासणारा : मराठवाड्यातल्या उच्चशिक्षणाची आठ शतकं

मराठवाड्यातल्या उच्चशिक्षणाचा इतिहास सांगायला बसलं की बहुतेक जण 23 ऑगस्ट 1958 पासून सुरुवात करतात. त्या दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. जरा मागे जाणारे 1923 च्या इंटरमिजिएट कॉलेजपर्यंत पोचतात. त्याआधीचं काय, असं विचारलं तर पैठणचं नाव निघतं, देवगिरीचा हेमाद्री पंडित आठवतो आणि विषय तिथेच थांबतो.

खरं तर आज नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने प्राध्यापकांच्या खोलीत जे वाद रंगतात ते सगळे जुने आहेत. शिकवणाऱ्यानेच परीक्षा घ्यावी का? खर्च कुणी उचलावा? कोणत्या भाषेत शिकवावं? आत कुणाला घ्यावं? या चार प्रश्नांना गोदावरीच्या या खोऱ्यात आणि आसपास यादवांच्या काळापासून वेगवेगळी उत्तरं दिली गेली. ती उत्तरं आणि त्यांवरून पडलेले पक्ष क्रमाने मांडणं एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मठ, खानकाह, मदरसा

कन्नडचा घाट उतरला की पलीकडे गौताळ्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवी आहे. तिथल्या एका शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांचं लक्ष वेधलं. लेख शके 1128 चा, म्हणजे इसवी सन 1206-07 च्या सुमाराचा. ‘सिद्धान्तशिरोमणी’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या मांडलिकांनी त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. दानाचा तपशील मात्र तेव्हाच्या मराठीत आहे, कारण तो पाटणच्या बाजारकऱ्यांना कळायला हवा होता. बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीतला ठरावीक हिस्सा मठाला द्यायचा. तेलाच्या घाण्यांवरही मठाचा वाटा बांधून दिलेला. गणित-ज्योतिष शिकणाऱ्यांचा दिवा गावच्या तेल्याच्या तेलावर जळत होता, हे त्यातून कळतं.

असाच, पण त्याहून जुना एक लेख आजच्या विजयपूर जिल्ह्यात, इंडी तालुक्यातल्या साळोटगीचा आहे. तो इसवी सन 945 चा, तिसऱ्या कृष्णाच्या म्हणजे राष्ट्रकूटांच्या काळातला. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्याने खोदवलं तेच हे घराणं. राजाच्या नारायण नावाच्या मंत्र्याने तिथे शाळा बांधली. देशोदेशींहून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सत्तावीस घरं होती. विद्यार्थ्यांच्या पोटापाण्यासाठी जमीन तोडून दिली होती, गुरूसाठी आणि दिवाबत्तीसाठी वेगळी. शिवाय गावात लग्न झालं तर पाच नाणी, मुंज झाली तर अडीच आणि जावळ काढलं तर सव्वा, असा फाळा गावकऱ्यांवर होता. संस्थेच्या उत्पन्नाची इतकी बारकाईने केलेली तजवीज आजच्या एखाद्या संस्थाचालकालाही सुचायची नाही.

देवगिरीच्या यादवांच्या छायेत विद्वत्ता बहरली हे निर्विवाद आहे. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’, बोपदेवाचं ‘मुग्धबोध’ व्याकरण, शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ हे सगळं इथलं. बोपदेवाचं व्याकरण तर पुढे कित्येक शतकं बंगालच्या टोळांमध्ये शिकवलं जात होतं. शिकवण्याची पद्धत ग्रंथकेंद्री होती. एक ग्रंथ घ्यायचा, तो पाठ करायचा, गुरूकडून टीका समजून घ्यायची आणि मग वादात उतरायचं. परीक्षा म्हणजे तो वाद. उत्तीर्ण झाल्याचा कागद नव्हता; अमक्या गुरूपाशी अमुक ग्रंथ झाला, एवढी ओळख पुरत होती.

मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली तेव्हा दिल्लीचे सूफी इकडे आले. बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू 1337) यांच्या भोवती खुलदाबादला शिष्य जमले. त्यांच्या बैठकीतली संभाषणं शिष्यांनी टिपून ठेवली आणि तो वाङ्मयप्रकार ‘मल्फूजात’ म्हणून ओळखला जातो. वर्गात घेतलेल्या टिपणांचा हा इथला फार जुना लेखी नमुना आहे, असं मला वाटतं. पुढे 1472 मध्ये बहमनी वजीर महमूद गवान याने बिदरला तीन मजली मदरसा उभारला. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या निळ्या फरशांचे अवशेष आजही बघायला मिळतात. औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. औरंगाबादेत अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत पाणचक्की झाली. तिच्यावर दळलेलं पीठ फकीर, शिष्य आणि वाटसरूंच्या भाकरीला लागत होतं, आणि दर्ग्यात ग्रंथसंग्रहही होता. पर्यटक आज चक्की पाहून फोटो काढून परततात. ज्ञानाच्या जागेला जोडून भाकरीची सोय, हे साळोटगी आणि पाटणचंच सूत्र तिथे दिसतं.

मदरशात शिकणाऱ्याला गुरू ‘इजाजत’ देत असे. अमुक ग्रंथ याने माझ्यापाशी वाचला, आता तो शिकवू शकतो, असा तो दाखला. तो संस्थेचा नसून व्यक्तीचा असायचा. मठ काय, मदरसा काय, शिकवणारा आणि पारखणारा एकच होता, ही या पहिल्या टप्प्याची मुख्य खूण.

दुसरी खूण विसरता येत नाही. साळोटगीची सत्तावीस घरं ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी जावं लागलं, असं परंपरा सांगते. म्हणजे विद्येची पारख करणारी सभाच जातीचाही निवाडा करत होती. मदरशाचं दार जन्मापुरतं तरी मोकळं होतं, मात्र व्यवहारात तिथे पोचणारे बहुतेक उलेमा आणि अंमलदारांच्या घरातले. तेराव्या शतकात महानुभावांनी मराठीत ज्ञान आणलं ते या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर राहून.

याला विद्यापीठ म्हणायचं का?

इथे अभ्यासकांचे दोन तट आहेत. कोल्हापूरकडचे इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांनी 1934 च्या आपल्या ग्रंथात नालंदा, वलभी, विक्रमशिला यांच्याबरोबर साळोटगीसारख्या अग्रहार-शाळांनाही उच्चशिक्षणाच्या संस्था म्हणून मानाचं स्थान दिलं. निवासी व्यवस्था, दूरवरून येणारे विद्यार्थी, कायमचं उत्पन्न आणि प्रगत विषय हे निकष लावले तर त्यांचं म्हणणं पटतं. युरोपच्या इतिहासकारांचा एक मोठा प्रवाह उलट बाजूला उभा आहे. हेस्टिंग्ज रॅशडॉल यांनी 1895 मध्ये विद्यापीठ ही युरोपच्या मध्ययुगाची खास निर्मिती ठरवली. बोलोन्यात विद्यार्थ्यांनीच संघ करून अध्यापक नेमले आणि उशिरा येणाऱ्या अध्यापकाला दंड ठोठावला. पॅरिसमध्ये अध्यापकांचा संघ होता. राजा किंवा पोप यांच्याकडून सनद मिळालेली, स्वतःचे नियम करणारी, पदवी देणारी संघटना म्हणजे विद्यापीठ, असं या पक्षाचं म्हणणं. जॉर्ज मॅकडिसी यांनी 1981 मध्ये तिसरा मुद्दा आणला. वक्फवर चालणारे मदरसे आणि युरोपातली सुरुवातीची कॉलेजं यांच्यात इतकं साम्य आहे की इजाजत आणि युरोपातला शिकवण्याचा परवाना यांचं नातं तपासायला हवं, असं ते म्हणाले. त्यावर एकमत झालेलं नाही.

मला यात निवाडा करण्यापेक्षा एक फरक टिपून ठेवावासा वाटतो. पाटणचा मठ असो की बिदरचा मदरसा, संस्थेचा आधार आश्रयदाता होता. बोलोन्या किंवा पॅरिसचं मंडळ राजे बदलले तरी उरलं, कारण ते एका माणसाच्या दानावर उभं नव्हतं. दख्खनेत ज्ञान घराण्यांमध्ये टिकलं, संस्थांमध्ये कमी.

मुंबईचा साचा

इंग्रजी अमलातल्या महाराष्ट्रात बदल टप्प्याटप्प्याने झाला. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेचा पैसा वळवून 1821 मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचंच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं. लोकहितवादींसारख्यांनी 1849 च्या सुमारास अर्ज करून दक्षिणेचा काही भाग मराठी पुस्तकांकडे वळवायला लावला. न्यायमूर्ती रानडे तरुणपणी ‘दक्षिणा फेलो’ होते. श्रावणातल्या दक्षिणेपासून फेलोशिपपर्यंत पैशाचा एकच धागा पोचतो, ही मजेची गोष्ट आहे.

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. हे विद्यापीठ शिकवत नव्हतं. शिकवायची कॉलेजं, आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, प्रश्नपत्रिका काढायची, पदवी द्यायची. पहिले पदवीधर 1862 मध्ये बाहेर पडले, त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. शिकवणारा आणि तपासणारा यांची फारकत झाली ती इथे. लंडन विद्यापीठाने 1900 मध्ये स्वतःची फेररचना करून अध्यापनाची जबाबदारी घेतली, पण आपल्याकडे ‘संलग्न महाविद्यालय’ हा प्रकार घट्ट बसला.

या बदलाचं मोल काय, यावर दोन टोकाची मतं आहेत. धरमपाल यांनी 1983 च्या पुस्तकात ब्रिटिश सर्वेक्षणांचीच आकडेवारी वापरून असं मांडलं की देशी शिक्षणव्यवस्था चांगली रुजलेली होती, गावच्या उत्पन्नाचा तिला मिळणारा हिस्सा सरकारने काढून घेतला आणि ती वाळली. साळोटगी आणि पाटणचे लेख वाचले की या म्हणण्यातला अर्थकारणाचा भाग खोटा वाटत नाही. दुसरी बाजू जोतीराव फुल्यांनी 1882 मध्येच हंटर आयोगापुढे मांडली होती. सरकार उच्चशिक्षणावर खर्च करतं तो शेतकऱ्यांच्या पैशातून, आणि फायदा होतो वरच्या जातींना, हा त्यांचा आक्षेप नव्या व्यवस्थेवर होता. जुन्या व्यवस्थेविषयी त्यांना हळहळ नव्हती. त्या दारातून आत जायला शूद्रातिशूद्रांना कधी मिळालंच नव्हतं. वाळलेलं झाड कुणाच्या अंगणात होतं, हा फुल्यांच्या परंपरेचा प्रश्न धरमपाल यांच्या वाचकांना आजही अडचणीत टाकतो.

निजामाची वेगळी वाट

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने या साऱ्यापासून बाजूला होता. हैदराबादचं निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाला संलग्न असल्याने तिथे शिकलेला आपल्याकडचा मुलगा मद्रासची पदवी घेऊन परतायचा. 1917 च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला आणि पुढच्या वर्षी ते स्थापन झालं. आधुनिक विषय उर्दूतून, इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून. पदार्थविज्ञानापासून कायद्यापर्यंत शेकडो पुस्तकं उर्दूत आणण्यासाठी भाषांतरखातं उभं राहिलं. त्याच्याशी निगडित असलेले मौलवी अब्दुल हक पुढे औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’चं काम त्यांनी बरीच वर्षं या शहरातून चालवलं. 1923 मध्ये सुरू झालेलं हे इंटरमिजिएट कॉलेज मराठवाड्यातलं स्वातंत्र्यापूर्वीचं एकमेव कॉलेज.

उस्मानियाचं मूल्यमापनही दुभंगलेलं आहे. भारतीय भाषेतून उच्चशिक्षण देता येतं हे कृतीने सिद्ध करणारं ते पहिलं आधुनिक विद्यापीठ, हे मान्य करावंच लागतं. संस्थानातले जवळपास चौथाई लोक मराठी बोलत होते, तेलुगू बोलणारे त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यांच्या मुलांना इंग्रजीइतकीच उर्दूही परकी होती, हा आक्षेपही तितकाच खरा. 1938 च्या वंदे मातरम् आंदोलनात औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांवर बडतर्फीची कारवाई झाली. अनेकांनी नागपूर विद्यापीठ गाठलं, त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं आणि हा प्रयोग अर्ध्यावर सुटला. 1970 नंतर महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठीत पदवीची पुस्तकं काढली तेव्हा उस्मानियाच्या भाषांतरखात्याचा अनुभव कुणी मुद्दाम अभ्यासल्याचं दिसत नाही. नव्या धोरणात मातृभाषेचा आग्रह पुन्हा आला आहे. अभियांत्रिकीची मराठी पुस्तकं तयार करणाऱ्यांनी एकदा हैदराबादच्या त्या जुन्या परिभाषाकोशांकडे बघायला हरकत नाही.

नागसेनवन

डॉ. आंबेडकरांनी विद्यापीठ या संस्थेचा विचार फार आधी केला होता. 1924-25 च्या मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या लेखी उत्तरांत त्यांनी परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाच्या कल्पनेवरच बोट ठेवलं. विद्यापीठ आणि कॉलेजं वेगळी ठेवू नयेत, पदवी आणि पदव्युत्तर अध्यापनाची फाळणी करू नये, अशी त्यांची मांडणी होती. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या माणसाला संलग्नतेचा उणेपणा दिसणं साहजिक होतं.

1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1950 च्या जूनमध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. मुंबई सोडून हे कॉलेज इथे का, तर निजामाच्या राज्यातला दलित शिक्षणात सर्वांत मागे होता. म. भि. चिटणीस प्राचार्य होते. वसतिगृह हा कॉलेजचा कणा होता. बीड, परभणी, उस्मानाबादच्या खेड्यांतून आलेला, घरात पहिल्यांदा पाटी धरलेला मुलगा शहरात राहणार कुठे आणि जेवणार काय, याचं उत्तर आधी हवं होतं. ब्राह्मण विद्यार्थ्याला पूर्वी सात घरी वार लावून जेवता येत होतं. या मुलाला कुणाच्या पंगतीत वार मिळणार? वसतिगृहातलं ताट आणि 1944 पासून अनुसूचित जातींना मिळू लागलेली केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती यांनी ती जागा घेतली. मराठी दलित साहित्याच्या चळवळीचा मोठा भाग नागसेनवन म्हणतात त्या याच आवारात घडला. म. ना. वानखेडे इथे प्राचार्य होते आणि गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ याच वातावरणातून निघालं.

इथे एक गुंता आहे. आंबेडकर परीक्षाकेंद्री विद्यापीठाच्या विरोधात होते. पण मिलिंदच्या पहिल्या पिढीला त्याच परीक्षेने हात दिला. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, गाव नसतं. बैठक क्रमांक असतो. तपासणारा दुसऱ्या गावचा. मठात गुरूचं मत हीच पारख होती आणि गुरूला शिष्याचं कूळ ठाऊक असायचं. शिकवणाऱ्यापासून तपासणाऱ्याला दूर नेणारी व्यवस्था शिक्षण म्हणून लंगडी होती, न्याय म्हणून मात्र बरीच सुरक्षित. मराठवाड्याच्या इतिहासाकडे पाहताना या दोन्ही बाजू एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात, आणि माझ्या मते या सगळ्या आढाव्याची गाठ इथे आहे.

1958 आणि पुढे

विद्यापीठाची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती पाळणीटकर होते. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी मुंबई विद्यापीठात रजिस्ट्रार राहिलेले आणि त्याच विद्यापीठाच्या शताब्दीचा इतिहास लिहिलेले. मुंबईचा साचा अशा रीतीने जणू स्वतःच चालत औरंगाबादला आला. पाच जिल्हे, मोजकी कॉलेजं, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी माळरान. पदव्युत्तर विभाग आवारात आले, पदवीचं शिक्षण संलग्न कॉलेजांकडे राहिलं.

तरीही या विद्यापीठाने मराठवाड्याला जे दिलं ते मोजताना हात आखडता घेऊ नये. यू. म. पठाण यांच्यासारख्या अभ्यासकाने मराठी विभागात बसून महानुभाव आणि संतसाहित्यावर आयुष्यभर काम केलं. ज्या मराठी ग्रंथांना सातशे वर्षांपूर्वी विद्वत्सभेत जागा नव्हती ते एम.ए.च्या अभ्यासक्रमात आले. मुली आल्या, मठ आणि मदरशाच्या काळात ज्यांचा उल्लेखही नाही त्या.

1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय कॉलेजांना राज्य सरकारने परवानगी दिली. त्याच सुमारास वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, त्यात तंत्रशिक्षणाचाही समावेश होता. समर्थक म्हणतात, खासगी संस्था नसत्या तर मराठवाड्याच्या मुलाला अभियंता व्हायला पुणे-कर्नाटक गाठावं लागलं असतं. विरोधक म्हणतात, अनुशेष सरकारने भरायचा होता, तो पालकांच्या खिशातून भरून घेतला. वैद्यकीय प्रवेशात 70 टक्के जागा त्या त्या प्रदेशातल्या मुलांना देणारं 70:30 हे सूत्र 2020 मध्ये रद्द झालं तेव्हा उलटाच प्रश्न समोर आला. जागा कमी असलेल्या प्रदेशाला संरक्षण हवं, की सगळ्या राज्याची एकच गुणवत्ता यादी हवी? लातूर पॅटर्नने गुणवत्ता यादीत मुलं आणून दाखवली होती, त्यामुळे मराठवाड्यातल्या अनेकांना हे सूत्र जाचकच वाटत होतं.

नावाचा वाद

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. सोळा वर्षं आंदोलन चाललं, लाँग मार्च निघाले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने वेगळं विद्यापीठ निघालं.

विरोधकांत जाळपोळ करणारे होते, तसे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातले नेतेही होते. ‘मराठवाडा’ या नावाशी हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या लढ्याची स्मृती जोडलेली आहे, हा त्यांचा मुद्दा. नामांतरवाद्यांचं म्हणणं असं की या भागात उच्चशिक्षणाचं दार ज्याने प्रत्यक्ष उघडलं त्याचं नाव देण्यात प्रदेशाचा अपमान कसा होतो? अभ्यासाच्या अंगाने पाहता, वाद नावाइतकाच मालकीचाही होता. विद्यापीठ कुणाचं, प्रदेशाचं की ज्यांना पहिल्यांदा तिथे पाऊल ठेवता आलं त्यांचं? नामविस्ताराच्या सूत्राने दोन्ही नावं ठेवून व्यवहारी तोड काढली. खेड्यांतल्या झळा सोसलेल्या कुटुंबांचा हिशेब त्या सूत्रात बसला नाही. दर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गर्दी होते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. शिक्षणसंस्थेच्या दारावर लोकांनी असं यावं, हे पैठण किंवा पाटणच्या वाट्याला कधी आलं नाही.

आजचं चित्र

विद्यापीठाकडे आता छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), जालना, बीड आणि धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) हे चार जिल्हे आहेत आणि संलग्न महाविद्यालयं चारशेहून जास्त. खासगी विद्यापीठ आलं, विधी विद्यापीठ आलं. पण पदवीच्या वर्गात किती मुलं बसलेली असतात, हे कुठल्याही प्राध्यापकाला विचारावं. मुलं शहरातल्या औरंगपुरा-उस्मानपुऱ्याच्या अभ्यासिकांत एमपीएससीची पुस्तकं उघडून बसलेली असतात. कॉलेजशी त्यांचा संबंध फॉर्म, शिष्यवृत्ती आणि परीक्षेपुरता उरतो. शिकवणं क्लासकडे, तपासणं विद्यापीठाकडे आणि कॉलेज मधल्या टपालखात्यासारखं: 1857 च्या फारकतीचं हे शेवटचं टोक म्हणायला हरकत नाही. वर्गात शिकवणारा बऱ्याचदा तासिका तत्त्वावरचा असतो. नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला, आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभा राहणारा. साळोटगीच्या गुरूची जमीन बांधून दिलेली होती. या माणसाचा पुढच्या सत्राचा तासही बांधलेला नसतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी 2024-25 पासून सुरू झाली. श्रेयांक, चार वर्षांची पदवी, भारतीय ज्ञानपरंपरेचा विषय, अंतर्गत मूल्यमापनावर भर. धोरणाचा मोठा दावा असा की पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत निघेल आणि कॉलेजं स्वायत्त होऊन स्वतः पदवी देतील. जो शिकवेल तोच तपासेल. आंबेडकरांनी शंभर वर्षांपूर्वी मागितलं ते हेच, असं समर्थक सांगतात, आणि ते चूक नाही. विरोधकांची भीती अशी की अंतर्गत गुण संस्थाचालकाच्या आणि प्राध्यापकाच्या मर्जीवर जातील, खेड्यातल्या कॉलेजची पदवी बाजारात चालणार नाही, आणि बैठक क्रमांकामागची सुरक्षितता संपेल. बाहेरच्या परीक्षेतही कॉप्या चालतात, हे उत्तर खरं असलं तरी भीतीचं निवारण करत नाही.

काय सुटलेलं नाही

भारतीय ज्ञानपरंपरेच्या नावाखाली नेमकं काय शिकवायचं, यावर सहमती नाही. पाटणचं गणित, खुलदाबादची मल्फूजात, महानुभावांचं लीळाचरित्र आणि नागसेनवन ही सगळी इथलीच परंपरा आहे. यांतली एखादीच निवडली तर अभ्यासक्रम एकांगी होईल. पैठणला विद्यापीठाने 2021 मध्ये सुरू केलेल्या संतपीठाकडे या दृष्टीने पाहता येईल. तिथे काय घडतं हे अजून काही वर्षांनी सांगता येईल. खर्चाचा प्रश्नही तसाच आहे. 2024 मध्ये राज्याने ठरावीक उत्पन्नाखालच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शुल्क माफ केलं, तेव्हा शुल्काखेरीज खोलीभाडं आणि मेसचं बिल कोण भरणार, हे कोडं शिल्लक राहिलं.

सगळ्यात अवघड गाठ मात्र संलग्नतेची. धोरणाने दिलेली पंधरा वर्षं 2035 मध्ये पुरी होतात. तोवर आष्टी, भूम, घनसावंगीसारख्या तालुक्यांतल्या कॉलेजांनी स्वतःची परीक्षा स्वतः घेऊन समाजाला विश्वास वाटेल अशी पदवी द्यायची आहे. त्यासाठी कायम प्राध्यापक हवेत, संस्थाचालकांच्या दबावाला न जुमानणारी परीक्षायंत्रणा हवी आणि गुणांबद्दल दाद मागण्यासाठी बाहेरची एक खिडकी हवी. यांतली पहिली गोष्ट सरकारच्या हातात आहे आणि तिच्यासाठी नवीन धोरणाचीही गरज नाही. स्वायत्ततेचा कागद देण्याआधी मंजूर जागा भराव्यात.